उच्छ्वासाची कुळकथा

मालवण-तारकर्लीला पहिल्यांदा पाण्याखाली उतरणाऱ्या माणसाच्या पाठीवर दाबाने भरलेल्या हवेची टाकी असते. टाकीतून श्वास घ्यायचा आणि उच्छ्वास पाण्यात सोडून द्यायचा, एवढा साधा व्यवहार. या पद्धतीला ओपन सर्किट म्हणतात आणि बहुतेकांच्या लेखी स्कूबा म्हणजे हेच. सोडलेला श्वास शुद्ध करून पुन्हा छातीत घेऊ देणारं यंत्र म्हणजे रिब्रीदर. ते संगणकाच्या काळातलं अपत्य असावं, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती उलट आहे. रिब्रीदर हा या घराण्यातला थोरला. आज सर्वत्र दिसणारा ओपन सर्किट त्याच्यानंतर ६५ वर्षांनी आला. थोरला मधली इतकी वर्षं मागे का पडला आणि पुन्हा पुढे कसा आला, हे समजून घेतल्याशिवाय ओपन सर्किटच्या पाणबुड्याने रिब्रीदर पाठीवर चढवू नये, असं माझं ठाम मत आहे.

आधी हिशेब पाहू. आपण आत घेतो त्या हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो आणि बाहेर सोडतो तिच्यात १६-१७ टक्के. शरीराने वापरला तो जेमतेम चार-पाच टक्के. पोहणारा माणूस मिनिटाला साधारण २० लिटर हवा आत-बाहेर करतो, पण त्यातला लिटरभर ऑक्सिजनच त्याच्या कामी येतो. १२ लिटरच्या टाकीत २०० बार दाबाने २४०० लिटर हवा मावते. पृष्ठभागाजवळ ती दोन तास पुरेल. ४० मीटर खोलीवर दाब पाचपट होतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात पाचपट हवा खर्च होते आणि तीच टाकी २४ मिनिटांत रिकामी होते. शरीराची ऑक्सिजनची भूक मात्र खोलीबरोबर वाढत नाही. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड काढून टाकला आणि खर्च झालेला लिटरभर ऑक्सिजन तेवढा भरून दिला, तर तीन लिटरची छोटी ऑक्सिजनची टाकी कुठल्याही खोलीवर तासन्‌तास पुरते. मग मर्यादा येते ती कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या रसायनाची. हे रसायन साधारण दोन-तीन तासांत थकतं.

हे गणित एकोणिसाव्या शतकातच लोकांच्या लक्षात आलं होतं. युरोपात काहींनी आराखडेही केले होते. पण प्रत्यक्ष कामाला आलेलं यंत्र केलं ते हेन्री फ्ल्यूस या इंग्रज तरुणाने. व्यापारी जहाजांवर काम केलेल्या फ्ल्यूसने १८७८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. रबरी मुखवटा, श्वास साठवणारी पिशवी, तांब्याच्या टाकीत ऑक्सिजन आणि कॉस्टिक पोटॅशमध्ये भिजवलेल्या दोराच्या धाग्यांचा डबा, एवढाच त्याचा संसार. उच्छ्वास त्या धाग्यांतून जायचा, कार्बन डायऑक्साइड तिथे अडकायचा आणि उरलेला वायू पिशवीत परतायचा. लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमधल्या पाण्याच्या टाकीत फ्ल्यूस स्वतः तासभर बुडून राहिला. वरून हवा पुरवणारी नळी त्याच्यामागे नव्हती.

नळी नसण्याचं मोल लवकरच कळलं. इंग्लंड आणि वेल्स यांच्यामध्ये सेव्हर्न नदीखालून रेल्वेचा बोगदा खोदला जात होता. ऑक्टोबर १८७९ मध्ये जमिनीतला एक मोठा झरा फुटला आणि काम पाण्याखाली गेलं. पंप लावून पाणी हटेना, कारण आतलं लोखंडी दार पळापळीत उघडंच राहिलं होतं. ते बंद करायचं तर मुख्य विवरापासून सुमारे ३०० मीटर आत, काळोखात, पडलेल्या अवजारांतून आणि रुळांतून वाट काढत जायला हवं होतं. अलेक्झांडर लँबर्ट हा त्या काळचा नावाजलेला पाणबुड्या. धातूचं शिरस्त्राण आणि हवेची नळी घेऊन तो आत शिरला, पण नळीच इतकी जड होऊन अडकू लागली की दारापर्यंत पोहोचता येईना. फ्ल्यूसने आपलं यंत्र आणलं, स्वतः जाऊन पाहिलं आणि तो परत फिरला. मग लँबर्टने तेच यंत्र मागून घेतलं आणि नोव्हेंबर १८८० मध्ये तो दारापर्यंत जाऊन ते बंद करून आला. बोगदा १८८६ मध्ये वाहतुकीला खुला झाला आणि आजही त्यातून गाड्या धावतात.

या यशाच्या आतच धोका दडलेला होता. फ्ल्यूसने पेटंट घेतलं त्याच १८७८ साली पॅरिसमध्ये पॉल बेर या शरीरशास्त्रज्ञाचा हवेच्या दाबावरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. दाब वाढला की शुद्ध ऑक्सिजन विष होतो आणि प्राण्यांना आकडी येते, हे बेरने प्रयोगांनी दाखवलं होतं. यंत्र आणि यंत्राचा वैरी एकाच वर्षी जगासमोर आले. पाण्यात आकडी आली की तोंडातली नळी सुटते आणि माणूस बुडतो. आज शुद्ध ऑक्सिजनवर सहा मीटरच्या खाली जाऊ नये असं शिकवतात. तेव्हाच्या पाणबुड्यांना ही सीमा ठाऊक नव्हती. कुणी वाचला, कुणी वाचला नाही, आणि का ते कुणालाच सांगता येत नव्हतं.

म्हणून पुढची काही दशकं हे यंत्र उथळ पाण्यात आणि जमिनीवरच जास्त वापरलं गेलं. विषारी वायू भरलेल्या कोळशाच्या खाणींत बचाव पथकं ते बांधून शिरत. लंडनच्या सीबे गॉर्मन कंपनीत रॉबर्ट डेव्हिस यांनी १९१० च्या सुमारास त्याच तत्त्वावर बुडालेल्या पाणबुडीतून सुटका करून घेण्याचं उपकरण घडवलं. शोषणाचं काम पुढे सोडा लाइमकडे आलं. शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णाचा श्वास पुन्हा वापरणाऱ्या भुलीच्या यंत्रात आजही हेच पांढरे दाणे असतात.

१ जून १९३९ रोजी लिव्हरपूलजवळच्या समुद्रात ‘थेटिस’ ही ब्रिटिश पाणबुडी बुडाली. ९९ माणसं गेली, फक्त चार वाचली. सुटकेची उपकरणं आत होती, मग इतके लोक का मेले, याचा शोध घ्यायला कामगार संघटनांनी जे. बी. एस. हाल्डेन यांना पाचारण केलं. हाल्डेन यांनी स्वतःला आणि काही सहकाऱ्यांना बंद कोठडीत कोंडून घेतलं, साठत गेलेला कार्बन डायऑक्साइड सोसला आणि त्याने माणसाची शक्ती व बुद्धी दोन्ही कशी मंदावते हे अनुभवाने सिद्ध केलं. पुढे दाबाखाली ऑक्सिजन घेताना त्यांना आकडी आली आणि तिच्यात त्यांच्या मणक्यांना इजा झाली. ते दुखणं त्यांना जन्मभर पुरलं. हेच हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, आधी कोलकाता आणि मग भुवनेश्वर इथे राहिले आणि १९६४ मध्ये भारताचे नागरिक म्हणूनच वारले. जनुकशास्त्रज्ञ म्हणून आपण त्यांना ओळखतो. पाणबुड्यांनीही त्यांचं ऋण मानायला हवं.

दुसऱ्या महायुद्धात या यंत्राचा आणखी एक गुण मोलाचा ठरला. श्वास बाहेर पडत नाही म्हणून बुडबुडेही उठत नाहीत. १९ डिसेंबर १९४१ च्या पहाटे सहा इटालियन नौसैनिक ऑक्सिजन रिब्रीदर लावून, टॉर्पेडोसारख्या वाहनांवर स्वार होऊन अलेक्झांड्रिया बंदरात शिरले आणि ‘क्वीन एलिझाबेथ’ व ‘व्हॅलियंट’ या दोन ब्रिटिश युद्धनौका त्यांनी निकामी केल्या. ब्रिटिशांनीही आपले पाणबुडे तयार करायला घेतले. त्यांच्यासाठी १९४२ पासून डॉ. केनेथ डोनाल्ड यांनी ऑक्सिजनच्या विषबाधेवर शेकडो चाचण्या घेतल्या. निष्कर्ष धास्तावणारा होता. एका माणसाला सोसतं ते दुसऱ्याला सोसत नाही, आणि त्याच माणसाला काल सोसलं ते आज सोसेलच असं नाही.

फ्रेंच नौदलातला एक अधिकारी ही आकडी दोनदा अनुभवून बसला होता. त्याचं नाव झाक कूस्तो. शुद्ध ऑक्सिजनचा नाद सोडून तो साध्या हवेकडे वळला. वायूच्या कारखान्यातला अभियंता एमिल गान्याँ याने त्याला एक झडप करून दिली. श्वास ओढला की ती पाण्याच्या दाबाइतक्या दाबाची हवा देते आणि ओढणं थांबलं की मिटते. १९४३ मध्ये या दोघांचा ‘अ‍ॅक्वालंग’ तयार झाला. त्यात रसायन नाही, मोजमाप नाही, पिशवी नाही. हवा संपत आली की श्वास जड होतो आणि माणसाला लगेच कळतं. वाया जाणारी हवा ही या साधेपणाची किंमत होती, आणि जगाने ती आनंदाने मोजली. समुद्राचा तळ सामान्य माणसाला खुला झाला तो या धाकट्यामुळे.

थोरल्याची अडचण नेमकी कुठे होती? शुद्ध ऑक्सिजनऐवजी पिशवीत हवा किंवा हेलियमचं मिश्रण ठेवून त्यात लागेल तेवढाच ऑक्सिजन सोडला, तर खोल जाता येतं. पण पिशवीत या क्षणी ऑक्सिजन किती आहे हे कोण सांगणार? उत्तर आलं वैद्यकातून आणि रसायनशास्त्रातून. लेलँड क्लार्क या अमेरिकी संशोधकाने १९५६ मध्ये रक्तातला ऑक्सिजन मोजणारा इलेक्ट्रोड जाहीर केला. ऑक्सिजन विजेच्या भाषेत मोजता येऊ लागला. १९६८ मध्ये वॉल्टर स्टार्क आणि जॉन कॅनविशर यांनी ‘इलेक्ट्रोलंग’ बाजारात आणलं. संवेदक ऑक्सिजन मोजायचे आणि कमी पडला की विजेची झडप उघडायची. कल्पना योग्य होती, पण त्या काळची इलेक्ट्रॉनिक्स खाऱ्या, दमट जगात टिकणारी नव्हती. काही मृत्यूंनंतर ते यंत्र बाजारातून गेलं.

मग जबाबदारी उचलली ती पाण्याने भरलेल्या गुहांत बुड्या मारणाऱ्यांनी. तिथे वर डोकं काढायला जागाच नसते. अभियंता बिल स्टोन याने १९८७ मध्ये फ्लोरिडातल्या वाकुला झऱ्यात आपल्या रिब्रीदरवर सलग २४ तास पाण्याखाली काढून दाखवले. १९९७ मध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या एका कंपनीने ‘इन्स्पिरेशन’ नावाचं यंत्र हौशी पाणबुड्यांसाठी विक्रीला आणलं आणि थोरला पुन्हा घरी आला. हवाईचे रिचर्ड पाइल यांच्यासारखे मत्स्यशास्त्रज्ञ त्याच्या बळावर शंभर मीटरच्या आसपासच्या अंधूक प्रवाळांपर्यंत गेले आणि नव्या जातींचे मासे घेऊन आले. बुडबुड्यांचा आवाज नसल्याने मासेही बुजत नाहीत.

आता ओपन सर्किटकडून रिब्रीदरकडे जाणाऱ्याची गोष्ट. पहिला धडा नम्रतेचा असतो. ओपन सर्किटमध्ये श्वास घेतला की शरीर किंचित वर उचललं जातं आणि सोडला की खाली बसतं. अनुभवी पाणबुड्या याच आधारावर तरंगतो. रिब्रीदरमध्ये हवा फुप्फुसातून पिशवीत आणि पिशवीतून फुप्फुसात जाते, एकूण आकारमान बदलत नाही. शेकडो बुड्यांनी अंगात मुरलेलं हे कौशल्य त्यामुळे इथे निरुपयोगी ठरतं. तोंडातली नळी काढण्याआधी तिची झडप बंद करायची हेही नव्याने अंगवळणी पाडावं लागतं. नाहीतर पाणी आत शिरतं, सोडा लाइमला भिडतं आणि तोंड-घसा भाजणारं क्षारयुक्त द्रव्य उलट येतं.

दुसरा धडा त्याहून गंभीर आहे. ओपन सर्किट बिघडलं की हवा सुटते, आवाज होतो, श्वास अडतो. रिब्रीदर बिघडतो तो गुपचूप. श्वास घेण्याची तडफड ऑक्सिजन कमी झाल्याने होत नाही, कार्बन डायऑक्साइड साठल्याने होते. तो तर सोडा लाइमने काढून टाकलेला असतो. म्हणून ऑक्सिजन संपत आला तरी धाप लागत नाही, माणूस शांतपणे शुद्ध हरपतो. ऑक्सिजनचा आंशिक दाब, म्हणजे एकूण दाबातला त्याचा वाटा, ०.१६ बारच्या खाली गेला की बेशुद्धीचा धोका, १.६ च्या वर गेला की आकडीचा. मधली वाट यंत्रावरचे आकडेच दाखवतात. सोडा लाइम थकला तर उलट होतं. धाप एवढी लागते की तोंडातली नळी बदलण्याइतकाही धीर उरत नाही.

ऑक्सिजनचे संवेदक तीन असतात. एक वेगळं सांगू लागला तर उरलेल्या दोघांवर विश्वास ठेवायचा. पण तिघेही एकाच वयाचे असले तर एकदमच चुकू शकतात. बुडीपूर्वीची लेखी तपासणी, पाण्यात उतरण्याआधी पाच मिनिटं यंत्रावर श्वास घेणं, दर थोड्या वेळाने आकडा पाहणं आणि सोबत ओपन सर्किटची भरलेली टाकी ठेवणं, हे नियम म्हणूनच आहेत. थोरला अडखळला तर वर आणायला धाकटाच लागतो. ऑस्ट्रेलियातले डॉ. अँड्र्यू फॉक यांनी २०१३ मध्ये १९९८ ते २०१० या काळातल्या रिब्रीदर-मृत्यूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या अंदाजाने ही जोखीम ओपन सर्किटच्या सुमारे दहापट आहे.

हे वाचून कुणी मागे फिरावं असा माझा हेतू नाही. फ्ल्यूसपासून स्टोनपर्यंत सगळ्यांनी ज्या शांत, लांब पल्ल्याच्या बुडीचा ध्यास घेतला, ती आज शिकून मिळवता येते आणि मिळवावी अशीच आहे. मात्र ज्याला जायचं आहे त्याने जुना अनुभव बाजूला ठेवून पहिल्या दिवसाच्या विद्यार्थ्यासारखं चांगल्या प्रशिक्षकाकडे जावं, उथळ पाण्यात पुरेसे तास घालवावेत आणि तपासणीची यादी पाठ झाली तरी दर वेळी कागद हातात धरूनच वाचावी. त्या यादीतली बहुतेक प्रत्येक ओळ कुणाच्या तरी जिवावर बेतल्यानंतर लिहिली गेली आहे. ती न वाचता पाण्यात उतरण्याचा अधिकार कुणालाही नाही.