स्टीरिओ डिले, मॉड्युलर सिंथेसायझरवरील

मूळ ध्वनी डाव्या-उजव्या बाजूंना वेगवेगळ्या विलंबाने पुन्हा ऐकवणारी जोडणी. अ‍ॅनलॉग प्रकारात १९६९ साली फिलिप्सच्या प्रयोगशाळेत शोधलेले ‘बकेट ब्रिगेड’ मंडल असते; त्यात संकेत क्लॉकच्या ठोक्यावर टप्प्याटप्प्याने पुढे सरकतो. १,०२४ टप्पे आणि १० किलोहर्ट्झ क्लॉक असल्यास विलंब सुमारे ५१ मिलिसेकंद मिळतो. खरे सौंदर्य फीडबॅकमध्ये आहे. संकेत फक्त डाव्या डिलेला द्यावा, त्याचे आउटपुट उजव्यात आणि उजव्याचे पुन्हा डाव्यात सोडावे. प्रतिध्वनी दोन्हीकडे आळीपाळीने उमटतो. वाटेत लो-पास फिल्टर घातला, तर दर फेरीला प्रतिध्वनीची धार कमी होते. फेरीची एकूण पातळी एकपटीखालीच हवी, नाहीतर आवाज वाढतच जातो. मंद एलएफओचा (कमी वारंवारतेच्या ऑसिलेटरचा) व्होल्टेज एका बाजूच्या विलंबाच्या नियंत्रणाला सरळ, दुसरीच्या नियंत्रणाला उलटा दिल्यास एकीकडे स्वर किंचित चढतो, दुसरीकडे उतरतो.