कार्ड ही पायरी नव्हे

कपिलधारला जायचे तर मांजरसुंब्याजवळून बालाघाटच्या दरीत उतरावे लागते. खाली मन्मथस्वामींची समाधी आहे. कार्तिक पौर्णिमेला यात्रा भरते, पण तोवर बीड जिल्ह्यातले कितीतरी कोयते कारखान्यांच्या वाटेला लागलेले असतात. कोयता म्हणजे ऊस तोडणारे नवरा-बायको, दोघे मिळून एक. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि एक दिवस कामावर गेले नाही की खाडा कापला जातो. आरोग्यव्यवस्थेचा कोणताही वाद मी या कोयत्यातल्या बाईपाशी नेऊन तपासतो. दुसरी कसोटी मला सापडलेली नाही.

उपचारांचा पैसा कुठून यावा याबाबत डॉक्टरांत दोन तट आहेत. एक म्हणतो, सर्वांच्या उपचारांचा पैसा करातून एका तिजोरीत यावा आणि तिथूनच दिला जावा. याला ते ‘सिंगल पेयर’ म्हणतात. दुसरा, आज वरचढ असलेला तट म्हणतो, हे स्वप्न आहे, टप्प्याटप्प्याने जा. प्रतिपक्ष आधी त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडावा ही आपली जुनी रीत, म्हणून मांडतो. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै 2012 मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली. नांदेड त्यात होते, बीड नव्हते. 2013 च्या अखेरीस ती राज्यभर गेली, 2017 मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. 2018 मध्ये केंद्राची आयुष्मान योजना आली आणि जुलै 2023 मध्ये राज्यातल्या प्रत्येक कुटुंबाला पाच लाखांचे संरक्षण देण्याचा निर्णय झाला. अकरा वर्षांत, ना संप ना आरडाओरडा, सगळे आत! उलट राजस्थानने मार्च 2023 मध्ये आरोग्य हक्काचा कायदा एकदम केला, तर खाजगी डॉक्टर रस्त्यावर आले. एप्रिलमध्ये समझोता झाला तेव्हा सरकारी सवलत न घेतलेली खाजगी रुग्णालये कायद्याबाहेर ठेवावी लागली.

युक्तिवाद वजनदार आहे. पण ‘संप झाला नाही’ हा त्यातला सर्वांत मोठा पुरावाच मला उलटा वाटतो. संप झाला नाही, कारण कुणाच्या ओपीडीला हात लागला नाही. योजना ठरलेल्या यादीतल्या उपचारांसाठी, आणि तेही बहुतांशी दाखल झालेल्या रुग्णापुरते पैसे देते. तपासणीची फी, बीपीची रोजची गोळी, सोनोग्राफी, अंगावरून पांढरे जाते म्हणून लिहून दिलेला आठवड्याचा कोर्स, हे सगळे पदरचे. देशात 2021-22 मध्ये आरोग्यावर झालेल्या एकूण खर्चातले 39.4 टक्के लोकांनी खिशातून भरले, आणि त्यातला मोठा वाटा औषधांचा व बाह्यरुग्ण उपचारांचा असतो. म्हणजे जिना वरून बांधायला घेतला आहे. ज्या पायरीवर आजारी माणूस पहिला पाय ठेवतो, तीच नाही.

बीडमध्ये याचा अर्थ काय होतो ते 2019 साली दिसले. गर्भाशय काढण्याच्या प्रकरणात नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, ऊसतोड करणाऱ्या 82,309 बायकांची पाहणी झाली. त्यातल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली होती. सहा जणींत एक. याचे खापर विमा योजनेवर फोडणे अन्यायाचे होईल. यातल्या बहुतेक शस्त्रक्रिया खाजगीत, उचलीच्या नाहीतर कर्जाच्या पैशावर झाल्या. पण साध्या जंतुसंसर्गावर वेळेवर आणि फुकट उपचार करणारे जवळ कुणी नव्हते, खाड्याची धास्ती होती, वर कॅन्सरची भीती घातली गेली. अशा बाईच्या हाती फक्त ऑपरेशनला चालणारे कार्ड दिले तर काय होते, हे छत्तीसगडमध्ये 2012 साली कळले: राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेच्या स्मार्ट कार्डावर तिथेही पिशव्याच काढल्या गेल्या. पैसा जिथे मिळतो तिकडे उपचार वळतो. यात डॉक्टर वाईट असण्याचीसुद्धा गरज नाही.

‘मग कॅनडाही पायऱ्यांनीच गेला ना?’ असे विचारले जाते. गेला. सस्कॅचेवान प्रांतात 1947 मध्ये रुग्णालयांच्या खर्चापासूनच सुरुवात झाली. पण ती साऱ्या रहिवाशांसाठी, निवडक शस्त्रक्रियांच्या यादीपुरती नव्हे. पुढची पायरी डॉक्टरांच्या फीची होती. ती 1962 च्या जुलैत आली आणि डॉक्टर 23 दिवस संपावर गेले. म्हणजे टप्प्यांनी जाऊन भांडण टळत नाही; फीपाशी पोचले की ते होतेच. आमचे टप्पेवाले तिथवर पोचलेलेच नाहीत, म्हणून त्यांची वाट शांत.

एका तिजोरीच्या, म्हणजे माझ्या बाजूच्या सोवळ्यांनाही एक सांगतो. थायलंडचे नाव आपण उठताबसता घेतो, पण 2002 नंतरही तिथे सरकारी नोकरांचा, कामगारांचा आणि उरलेल्या जनतेचा असे तीन निधी आहेतच. तिजोरी अक्षरशः एक असण्याचा हट्ट नको. तिथले मर्म असे की त्याआधी कित्येक वर्षे जिल्ह्या-तालुक्याची रुग्णालये उभी केली, आणि बाह्यरुग्ण उपचारांसाठी माणशी वर्षाची रक्कम ठरवून दिली. रुग्ण बरा राहिला तरी पैसे मिळतात, म्हणून त्याला कापण्याची घाई नसते.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारा निर्णय झालाही आहे, त्याचा गाजावाजा मात्र कार्डाइतका नाही. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार सर्वांना विनामूल्य झाले. कार्ड नको, दाखला नको. ही माझ्या मते खरी पायरी. तिच्यातली फट बीडकरांना लगेच दिसेल: अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, म्हणून ते या निर्णयात बसत नाही. आधी ती फट बुजवावी. मग गावातल्या खाजगी दवाखान्यांनाही डोईमागे ठरलेल्या रकमेवर बाह्यरुग्ण तपासणीसाठी जोडून घ्यावे, आणि कोयत्याबरोबर त्याची दवाखान्यातली नोंद कारखान्यापर्यंत, कर्नाटकातल्या कारखान्यापर्यंतसुद्धा, जावी.

पैशाचा आक्षेप उरतो. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने 2025 पर्यंत सरकारी खर्च जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरवले होते. 2021-22 मध्ये तो 1.84 टक्के होता. हा आक्षेप मी खोडत नाही. एकच देणारा, आणि तोही उशिरा देणारा, ही छोट्या दवाखान्याला खाजगी विम्यापेक्षा वाईट गोष्ट आहे. मांजरसुंब्याच्या बाजूला दवाखाना चालवणाऱ्या एका मित्राला मी डोईमागच्या रकमेची ही सगळी मांडणी ऐकवली. तो म्हणाला, “तिमाही लागायच्या आधी पैसे खात्यात आले, तर सही करणारा पहिला मी. नंतर येणार असतील तर तुझा लेख तुझ्यापाशीच राहू दे.” ही अट दवाखान्यांशी करायच्या कराराच्या पहिल्या कलमात हवी.