रेकॉर्डरवादकाची वृत्ती आणि वेतन

युरोपातील वादकांच्या उपजीविकेचा इतिहास चाळू लागले म्हणजे एक गोष्ट प्रकर्षाने ध्यानात येते, ती ही की, ऑर्गन किंवा व्हायोलिन वाजविणाऱ्याने त्या एका वाद्याच्या बळावर संसार चालविल्याची उदाहरणे जितकी विपुल, तितकीच रेकॉर्डरवादकाची विरळ आहेत. रेकॉर्डर म्हणजे ध्वनिमुद्रणाचे यंत्र नव्हे. आपल्या अलगुजाप्रमाणे टोकाशी फुंकावयाची, पुढे सात व मागे अंगठ्यासाठी एक छिद्र असलेली ती लाकडी बासरी होय. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीच्या पदरी १५४० च्या सुमारास व्हेनिसहून आलेले बासानो बंधू या वाद्याच्या ताफ्यावर नेमले गेले, आणि ती चाकरी त्या घराण्यात जवळजवळ वतनासारखी पुढे चालली. परंतु असा राजाश्रय हा अपवादच समजला पाहिजे.

सर्वसाधारण स्थिती काय होती हे पाहावयाचे असेल, तर हॉलंडमधील उट्रेख्ट येथील याकोब फान आइक याच्याकडे वळावे. १५९० च्या सुमारास कुलीन घराण्यात जन्मलेला हा जन्मांध गृहस्थ १६२५ मध्ये तेथील डोम मनोऱ्यावर घंटावादकाच्या हुद्द्यावर रुजू झाला. घंटेतून एकच स्वर निघतो असा आपला समज असतो. वस्तुतः तिच्यात अनेक स्वर एकत्र नांदत असतात, व त्यांचा परस्पर मेळ नसला की ती बेसूर वाटते. फान आइक जवळ उभा राहून नेमक्या स्वराची शीळ घाली, आणि हात न लावताच घंटेतील तेवढाच स्वर घुमू लागे; या कौशल्याचा उल्लेख प्रत्यक्ष तत्त्वज्ञ देकार्तने आपल्या पत्रात केलेला आहे. याच ज्ञानाचा लाभ घेऊन घंटा ओतणाऱ्या हेमोनी बंधूंनी झुटफेन येथे १६४४ च्या सुमारास सुरेल घंटांचा संच ओतला.

अशा या मातब्बर अधिकाऱ्याचे वेतन १६४९ मध्ये, ज्याच्या घंटाही तो वाजवी त्या उट्रेख्टमधल्याच सेंट जॉन चर्चच्या कारभारी मंडळाने सालीना ८० गिल्डरांवरून १०० वर नेले, आणि त्यास अट घातली ती अशी की, चर्चच्या आवारात सायंकाळी फिरावयास येणाऱ्या लोकांचे त्याने अधूनमधून आपल्या लहानशा बासरीने रंजन करावे. म्हणजे घंटांनी पोट भरले, आणि बासरीच्या वाट्याला आले ते वरचे २० गिल्डर! तथापि आज त्याचे नाव जगभर घेतले जाते ते या वरकड चाकरीमुळेच. अॅम्स्टरडॅम येथे १६४४ पासून प्रसिद्ध झालेल्या त्याच्या संग्रहात सुमारे दीडशे रचना आहेत. स्तोत्रे, नृत्ये, इंग्रज संगीतकार डाउलंडची शोकगीताची चाल, असे जे जे तेव्हा लोकांच्या ओठांवर होते ते घेऊन, आधी साधी चाल, मग तिचीच दुगुण-चौगुणीतली अलंकृत आवर्तने, अशी त्यांची घडण असून, साथीला दुसरे वाद्य नसतानाही त्यांत कोठे रितेपणा भासत नाही.

पुढे हांडेल, बाख, टेलेमान यांनी उत्तम रचना केल्या खऱ्या, पण त्या वाजविणारे बहुधा ओबो या फुंकवाद्याच्या वादनावर पगार घेणारे असत. शिवाय जोराने फुंकले की रेकॉर्डरचा स्वर चढतो व हळू फुंकले की उतरतो. त्यामुळे मोठ्या सभागृहांत आडव्या बासरीपुढे त्याचा निभाव लागला नाही, आणि दीडएक शतक या वाद्याचा व्यवसाय जवळजवळ बुडाला. जुन्या वाद्यांचा जाणकार कारागीर अर्नल्ड डॉलमेच याने १९०५ मध्ये विकत घेतलेला एक जुना रेकॉर्डर १९१९ मध्ये लंडनच्या वॉटर्लू स्थानकावर पिशवीसह गहाळ झाला नसता, तर घेऊन ठेवलेल्या मापांवरून नवा घडविण्याचे त्याने कदाचित मनावर घेतलेही नसते.

त्यानंतर शाळाशाळांतून हे वाद्य पोहोचले, आणि पोरांचे खेळणे ठरून त्याने आपली प्रतिष्ठा आणखी गमावली. ती पूर्ववत मिळवून दिली डच रेकॉर्डरवादक फ्रान्स ब्रुगेन याने. १९५५ मध्ये वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी हेग येथील संगीतविद्यालयात तो प्राध्यापक झाला, आणि केवळ रेकॉर्डरवादक म्हणून जगभर नाव मिळविता येते हे त्याने सिद्ध केले. पण १९८१ मध्ये अठराव्या शतकातील संगीतासाठी त्याने वाद्यवृंद स्थापिला, आणि उत्तरायुष्यात तोही मुख्यतः वृंदसंचालकच झाला.