‘कुशल’ कोणाला म्हणायचं? मोटारीच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्या बायकांची गोष्ट

आपल्या घरातल्या, शेजारच्या कितीतरी लेकी-सुना आता कंपनीत जातात. पहाटे डबा भरायचा, रस्त्यावर कंपनीच्या गाडीची वाट बघायची. कोणी चाकणला, कोणी रांजणगावला, कोणी वाळूजला, कोणी नाशिकच्या सातपूर-अंबडला. विचारलं, काय करतेस गं तिथे? तर ती सांगते, “गाडीचे पार्ट बनवतो.” यापुढे आपण फारसं विचारत नाही. आज तेच विचारू या. गोष्ट आहे पन्नासहून जास्त वर्षांपूर्वीची, आणि तीही सातासमुद्रापलीकडची. पण ऐकताना ती तुम्हाला आपल्याच आळीतली वाटेल.

आधी एक साधी बाब समजून घेऊ. मोटार म्हणजे हजारो लहानमोठ्या भागांची जुळणी. ज्या कंपनीचं नाव गाडीवर असतं ती सगळे भाग स्वतः करत नाही. वायरिंग एका कारखान्यातून येतं, दिवे दुसऱ्यातून, रबराचे भाग तिसऱ्यातून, सीट चौथ्यातून. गाडी जोडणारी कंपनी या भागांचा मोठा साठा करून ठेवत नाही, कारण साठ्यात पैसा अडकतो. भाग येत राहायचे आणि गाड्या बनत राहायच्या. म्हणजे इंजिन तयार असलं, चाकं लावलेली असली, पण सीट आलं नाही तर गाडी विकता येत नाही. हे ध्यानात ठेवा. पुढे उपयोगी पडणार आहे.

आता जाऊ इंग्लंडला. लंडन शहराच्या पूर्वेला, थेम्स नदीच्या काठी डॅगनहॅम नावाचं गाव आहे. तिथे १९३१ साली फोर्ड कंपनीचा मोटारींचा कारखाना सुरू झाला. हजारो पुरुष तिथे कामाला होते. त्याच आवारातल्या एका विभागात १९६८ साली १८७ बायका शिलाई मशीनवर बसत. त्यांचं काम एकच, मोटारीच्या सीटची कव्हरं शिवायची.

आपल्यातल्या ज्या ब्लाउज शिवतात त्यांना हे काम लगेच कळेल. फरक इतकाच की इथे मऊ कापड नाही, जाड रेक्झिन. ते सुईखाली सरकत नाही, वळत नाही. सीटला बाक असतो, कोपरे असतात. वेगवेगळे तुकडे असे जोडायचे की कव्हर सीटवर चढवलं की सुरकुती दिसता कामा नये. एखादी शिवण चुकली तर उसवून पुन्हा शिवता येत नाही, कारण रेक्झिनला पडलेली भोकं बुजत नाहीत. मशीन विजेवर जोरात चालणारी. लक्ष चुकलं तर सुई बोटात. आणि हे एक-दोन कव्हरांचं काम नाही. गाड्या जेवढ्या बनणार, तेवढी कव्हरं रोज.

या बायकांना नोकरीवर घेताना कंपनी त्यांची शिलाईची परीक्षा घेत असे. येणाऱ्या प्रत्येकीला घेत नसत. मशीनवर बसवून बघायचे, हात बसलेला आहे का ते तपासायचे, मगच काम द्यायचे.

त्या सुमारास कंपनीने सगळ्या कामांची नव्याने श्रेणी ठरवली. कुठलं काम जास्त कौशल्याचं, कुठलं कमी, त्याप्रमाणे पगार. बायकांना वाटलं होतं आपल्याला ‘सी’ श्रेणी मिळेल, म्हणजे जास्त कौशल्याची. मिळाली ‘बी’, म्हणजे कमी कौशल्याची. एवढ्यावर भागलं नाही. ‘बी’ श्रेणीतल्या पुरुषाला १०० रुपये मिळत असतील असं धरा, तर त्याच श्रेणीतल्या बाईला ८५. म्हणजे नुकसान दोन ठिकाणी. एक तर कामाची किंमत कमी ठरवली, आणि त्या कमी किमतीतूनही बाई म्हणून पुन्हा कापले.

परीक्षा घेऊन निवडायचं, आणि निवडल्यावर म्हणायचं, यात कसलं आलंय कौशल्य! बायकांच्या मनाला हेच लागलं.

७ जून १९६८ रोजी त्या मशीन बंद करून बाहेर पडल्या. त्यांच्यात रोझ बोलंड, आयलीन पुलन, व्हेरा साइम, ग्वेन डेव्हिस, शीला डग्लस अशा बायका पुढे होत्या. यांतली कोणी पुढारी म्हणून जन्माला आली नव्हती. सकाळी मुलांचं आवरून कामावर येणाऱ्या बायका होत्या त्या. पुढे फोर्डच्या दुसऱ्या एका कारखान्यातल्या, हेलवुडच्या, शिलाई करणाऱ्या बायकाही संपात उतरल्या.

सुरुवातीला वाटलं असेल, मूठभर बायका बसल्या घरी, काय फरक पडतो? पण मघाशी सांगितलं ते आठवा. सीट नाही तर गाडी नाही. शिल्लक कव्हरं संपली आणि इंग्लंडमधलं फोर्डचं गाड्या बनवण्याचं काम ठप्प झालं. संप तीन आठवडे चालला. ज्या कामाला कमी कौशल्याचं म्हटलं होतं, त्याच्यावाचून सगळं अडलं.

हे सोपं नव्हतं. काम बंद पडलं तेव्हा हजारो पुरुषांना घरी बसावं लागलं. काही बायकांचे नवरे त्याच कारखान्यात होते. म्हणजे घरात येणारे दोन्ही पगार बंद. बायका वरखर्चासाठी नोकरी करतात, त्यांना एवढं काय पडलंय, असंही लोक म्हणत. आपल्याकडे म्हणतात ना, “बाईचा पैसा काय, साडी-बांगडीला.” तसंच. प्रत्यक्षात कोणाच्या घराचं भाडं त्या पगारातून जात होतं, कोणाच्या पोरांचे बूट त्यातून येत होते. युनियनमधले सगळेच पुरुष मनापासून पाठीशी होते असंही नाही. काही ठाम उभे राहिले, काहींना हा नसता खटाटोप वाटला.

शेवटी सरकारला मध्ये पडावं लागलं. तेव्हा इंग्लंडच्या रोजगार खात्याच्या मंत्री एक बाई होत्या, बार्बरा कॅसल. जून महिन्याच्या अखेरीला त्यांनी संपातल्या बायकांना आपल्या कार्यालयात चहाला बोलावलं आणि समोर बसून बोलणी केली. तडजोड अशी झाली की ८५ च्या जागी लगेच ९२ मिळायचे, आणि पुढच्या वर्षी ‘बी’ श्रेणीतल्या पुरुषांइतका पूर्ण पगार. बायका कामावर परतल्या.

पण नीट बघा, सख्यांनो. त्यांनी दोन गोष्टी मागितल्या होत्या. एक, पुरुषांइतका पगार. दोन, कामाला योग्य श्रेणी. पहिली मिळाली, दुसरी राहिली. चौकशी झाली, पण ‘बी’ची ‘सी’ झाली नाही. म्हणजे आता त्यांना पुरुषांइतका पगार मिळणार होता, पण कमी कौशल्याच्या पुरुषाइतका.

या संपाने देशात चर्चा पेटली. १९६९ च्या मे महिन्यात लंडनच्या ट्रॅफल्गार चौकात समान वेतनासाठी बायकांची मोठी सभा झाली. १९७० साली समान वेतनाचा कायदा झाला, आणि तो बार्बरा कॅसल यांनीच पुढे आणला. मात्र तो लागू झाला १९७५ च्या डिसेंबरात. मधली पाच वर्षं मालकांना तयारीसाठी दिली होती. काही मालकांनी त्या वेळात अशी सोय केली की बायका आणि पुरुष एकाच कामावर दिसूच नयेत. बायकांची कामं वेगळी काढली की तुलना करायला पुरुषच उरत नाही. कायदा ‘सारखं काम’ बघतो ना, मग कामच सारखं ठेवायचं नाही!

डॅगनहॅमच्या बायकांचं काय झालं? त्यांना ‘सी’ श्रेणी मिळाली १९८४ साली. त्यासाठी पुन्हा संप करावा लागला, या वेळी सहा आठवड्यांचा. १९६८ ते १९८४, म्हणजे १६ वर्षं. पगाराचा आकडा तीन आठवड्यांत हलला. ‘हे काम कौशल्याचं आहे’ एवढं एक वाक्य कागदावर यायला १६ वर्षं लागली.

असं का होतं? मला वाटतं त्याचं कारण आपल्या घरातच सापडतं. मुलगी लहानपणी सुई धरते, आईकडे बघून शिकते. तिने कुठे फी भरलेली नसते, तिच्याकडे प्रमाणपत्र नसतं. मग सगळे म्हणतात, बायकांना हे येतंच. जे ‘येतंच’ त्याचे पैसे कशाला द्यायचे? मुलगा वर्षभर गॅरेजमध्ये हात काळे करतो, त्याला आपण कारागीर म्हणतो. मुलगी दहा वर्षं मशीनवर बसते, तिला आपण ‘हाताला गुण आहे’ म्हणतो. गुणाचं कौतुक होतं, पण पगार ठरतो तो कसबाचा.

आता आपल्या देशात येऊ. आपल्या राज्यघटनेत समान कामाला समान वेतन हे तत्त्व लिहिलेलं आहे. त्यासाठी १९७६ साली समान वेतनाचा कायदा झाला. सारखं किंवा सारख्या स्वरूपाचं काम असेल तर बाईला कमी पगार देता येणार नाही, असं त्यात होतं. सारख्या स्वरूपाचं म्हणजे काय, तर कौशल्य, मेहनत आणि जबाबदारी सारखी. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाचा निकाल दिला. मुंबईच्या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत ऑड्री डिकोस्टा नावाच्या बाई स्टेनोग्राफर होत्या. पुरुष स्टेनोग्राफरपेक्षा त्यांना कमी पगार मिळत होता. न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. कंपनीला परवडत नाही, ही सबब चालणार नाही, असंही सांगितलं. आता हा नियम २०१९ च्या वेतन संहितेत आला आहे आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे.

म्हणजे कायदा आहे. पण डॅगनहॅमची गोष्ट सांगते की खरी मेख श्रेणीत असते. आपल्याकडे किमान वेतनाच्या दरात कुशल, अर्धकुशल, अकुशल अशा पायऱ्या असतात. तुमच्या मुलीचं नाव कुठल्या पायरीवर लिहिलंय, यावर तिचा पगार ठरतो.

गाडीच्या वायरिंगचंच काम घ्या. वायरिंग म्हणजे गाडीच्या अंगातल्या नसा. लांब फळीवर खुंट्या असतात. त्यांच्यामधून रंगीबेरंगी वायरी ठरलेल्या वाटेने न्यायच्या, टोकं बरोबर घरात बसवायची, वर टेप गुंडाळायची. एक वायर चुकीच्या घरात गेली तर दिवा लागत नाही, नाहीतर ब्रेकचा इशाराच मिळत नाही. हे दिवसभर उभं राहून, घड्याळाच्या काट्यावर करायचं. या कामावर बायका मोठ्या संख्येने असतात. का, तर म्हणे बायकांची बोटं नाजूक, त्यांना बारीक काम जमतं, त्या चिकाटीच्या. हे कौतुक कानाला गोड लागतं. पण ते ऐकलं की विचारायचं, मग कागदावर आम्हाला काय म्हटलंय? तिथे ‘हेल्पर’ लिहिलं असेल, तर बोटांचं कौतुक आणि पगाराची पावती एकमेकींशी बोलत नाहीत, असं समजायचं.

म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं करा. कंपनीत जाणाऱ्या मुलींना पगाराची पावती आणायला सांगा. त्यावर पद कुठलं, श्रेणी कुठली, ते मोठ्याने वाचा. नेमणुकीचं पत्र मिळालंय का, विचारा. नव्या कायद्यांनी ते प्रत्येक कामगाराला देणं बंधनकारक आहे, कंत्राटदाराकडून लागलेल्या मुलीलाही ते मिळायला हवं. ती दिवसभर काय काय करते, ते तिच्याच तोंडून क्रमाने लिहून काढा. किती दिवसांत हात बसला? नव्या मुलीला कोण शिकवतं? चूक झाली तर कोण पकडतं? हा कागद जवळ असला की बोलताना आधार असतो, मग ते युनियनशी असो, सुपरवायझरशी असो की कामगार कार्यालयात असो. आणि एकटीने जाऊ नका. त्या १८७ जणी एकाच वेळी उठल्या होत्या.

आणखी एक प्रश्न, तो मात्र गावातलाच. शेतावर पुरुषाचा रोज वेगळा आणि बाईचा वेगळा. दिवसभर वाकून निंदणी करणं, बोंडातून कापूस काढणं याला आपण कुठल्या श्रेणीत बसवलं आहे? ती श्रेणी कोणी ठरवली? मजूर लावताना रोज सांगणारी कधी कधी आपल्यातलीच एखादी बाई असते. तेव्हा तिनेही याचा विचार करावा.