मेमरी भरली की संगणक का अडतो? एका साठ वर्षे जुन्या दुखण्याचा इतिहास

#थ्रेड #इतिहास

१/
ब्राउझरमध्ये वीस-पंचवीस टॅब उघडे आहेत, शेजारी एक सादरीकरण, मागे व्हिडिओ कॉल. अचानक लॅपटॉपचा कर्सर थिजतो. टास्क मॅनेजर उघडावे तर मेमरीच्या रकान्यात ९४ टक्के आणि प्रोसेसर मात्र जवळजवळ रिकामा! काम तुंबलेले आणि कामगार हात बांधून बसलेला, हे कोडे आजचे नाही. १९६० च्या दशकात ते पहिल्यांदा पडले आणि त्याच दशकात सुटलेही.

२/
मूळ आहे मेमरीच्या टंचाईत. २१ जून १९४८ रोजी मँचेस्टर विद्यापीठातील ‘बेबी’ या यंत्रावर टॉम किलबर्न यांचा १७ आज्ञांचा प्रोग्राम चालला. त्या यंत्राची मेमरी होती अवघी ३२ शब्दांची. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा ‘टिफ्रॅक’ १९६० साली कार्यान्वित झाला, तेव्हा त्याच्या चुंबकीय कड्यांच्या मेमरीत २,०४८ शब्द मावत, प्रत्येकी ४० बिटांचे. आजच्या मापाने सुमारे १० किलोबाइट. मोबाइलवर येणारे ‘शुभ सकाळ’चे चित्रही त्यात मावणार नाही.

३/
वेगवान मेमरी थोडी आणि महाग. फिरत्या चुंबकीय ड्रमवरची जागा पुष्कळ, पण संथ. मोठा प्रोग्राम चालवायचा तर प्रोग्रामरने स्वतः त्याचे तुकडे पाडायचे आणि कोणता तुकडा केव्हा ड्रमवरून आणायचा, कोणाच्या जागी ठेवायचा, हे आधीच लिहून ठेवायचे. याला ‘ओव्हरले’ म्हणत. गणित सोडवण्याइतकीच बुद्धी ही मांडामांड करण्यात खर्च होई. शिवाय यंत्र बदलले की सारी मांडणी नव्याने.

४/
इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे वेगळे सांगायला नको. पुण्यात पेशवे दप्तराचे रुमाल चाळायला बसलेल्या अभ्यासकाचे टेबल लहान आणि फडताळे अफाट. टेबलावर चार रुमाल मावतात. पाचवा हवा असेल तर आधीचा एक बांधून परत पाठवावा लागतो. टेबल म्हणजे मेमरी, फडताळ म्हणजे ड्रम. हे चित्र लक्षात असू द्यावे. पुढे ते पुन्हा लागेल.

५/
७ डिसेंबर १९६२ रोजी मँचेस्टरमध्ये ‘अ‍ॅटलस’ या संगणकाचे उद्घाटन झाले. विद्यापीठ आणि फेरांती कंपनी यांनी तो मिळून घडवला होता आणि त्यामागे पुन्हा किलबर्नच होते. वेगवान मेमरी १६,३८४ शब्द, ड्रमवर त्याच्या सहापट जागा. नवलाई अशी की प्रोग्रामरला हा भेद दिसतच नसे. त्याच्या दृष्टीने सारी मेमरी एकसंध होती. किलबर्न आणि सहकाऱ्यांनी तिला ‘एकस्तरीय साठा’ म्हटले. पुढे जगाने ‘व्हर्च्युअल मेमरी’ म्हटले.

६/
(बर्लिनमध्ये फ्रिट्झ-रुडॉल्फ ग्युंच यांनी १९५० च्या दशकातच आपल्या प्रबंधात जवळपास हीच कल्पना मांडली होती. पण ती कागदावरच राहिली आणि बराच काळ कोणाच्या लक्षातही आली नाही. शोधाचे श्रेय एकाच नावावर लिहिण्याची घाई म्हणूनच करू नये.)

७/
यंत्रणा अशी. सारा साठा ५१२ शब्दांच्या ‘पानां’त विभागलेला, वेगवान मेमरीत एकावेळी ३२ पाने. प्रोग्रामने मागितलेले पान तिथे असेल तर काम पुढे. नसेल तर प्रोग्राम थांबवायचा, पान ड्रमवरून आणायचे, जागा नसेल तर एखादे जुने पान बाहेर काढायचे. दरम्यान प्रोसेसरने दुसरा प्रोग्राम चालवायचा. कोणते पान काढावे हे ठरवण्यासाठी पानांच्या वापराची नोंद ठेवणारा ‘शिकणारा’ प्रोग्रामही अ‍ॅटलसमध्ये होता.

८/
प्रोग्रामरच्या मानेवरचे जोखड उतरले, पण आभासाची किंमत असतेच. अ‍ॅटलसची मेमरी दोन मायक्रोसेकंदांत उत्तर देई. ड्रमवरचे पान समोर यायला सरासरी सहा मिलिसेकंद लागत, म्हणजे तीन हजारपट. पाने क्वचित बदलावी लागतात तोवर आभास टिकतो. वारंवार बदलू लागली की?

९/
थोडे गणित. मेमरीला एक मायक्रोसेकंद आणि बाहेरून पान आणायला दहा मिलिसेकंद लागतात असे धरू. लाख मागण्यांत एकदा पान नसेल, तर प्रोग्राम सुमारे ९१ टक्के वेळ खरे काम करतो. दहा हजारांत एकदा, तर ५० टक्के. हजारात एकदा, तर ९ टक्के. म्हणजे हजारातल्या ९९९ मागण्या ताबडतोब पुऱ्या होऊनही यंत्र मेल्यासारखे वाटते. लॅपटॉप ‘हळूहळू’ मंदावत नाही, एकदम कोसळतो, त्याचे कारण हेच.

१०/
१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात अनेकांनी एकाच यंत्रावर एकावेळी काम करण्याची पद्धत आली आणि हा कडेलोट वारंवार होऊ लागला. यंत्र लक्षावधी डॉलरचे, पडद्यामागे पानांची अखंड ने-आण आणि काम शून्य. या अवस्थेला ‘थ्रॅशिंग’ नाव पडले. बुडणारा माणूस हातपाय झाडतो ना, तसे: धडपड प्रचंड, प्रगती काहीच नाही.

११/
पहिला संशय गेला पाने निवडण्याच्या पद्धतीवर. आयबीएममधील लास्लो बेलाडी यांनी १९६६ साली अशा पद्धतींचा तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध केला. सर्वोत्तम पद्धत कोणती? ज्या पानाची गरज सर्वांत उशिरा पडेल ते काढणे. पण त्यासाठी भविष्य ठाऊक हवे. घटना घडून गेल्यावर शहाणपण सांगण्याची ही सोय इतिहासकारांना असते, यंत्राला नसते.

१२/
१९६९ मध्ये बेलाडी व सहकाऱ्यांनी आणखी एक विचित्र गोष्ट दाखवली. ‘जे आधी आले ते आधी बाहेर’ या साध्या नियमाने पाने काढली, तर मेमरी वाढवूनही काही वेळा खोळंबे वाढतात. मागणीचा क्रम १, २, ३, ४, १, २, ५, १, २, ३, ४, ५ असा घ्या. तीन पानांची जागा असता ९ वेळा पान बाहेरून आणावे लागते. चार पानांची असता १० वेळा! कागदावर मांडून पाहावे, पाच मिनिटांचे काम आहे.

१३/
खरे निदान केले पीटर डेनिंग यांनी. एमआयटीत पीएच.डी. करणारा पंचविशीतला विद्यार्थी. ऑक्टोबर १९६७ मध्ये अमेरिकेतील टेनेसी राज्यात गॅटलिनबर्ग येथे भरलेल्या परिषदेत त्याने ‘वर्किंग सेट’ची कल्पना मांडली. कोणताही प्रोग्राम आपली सर्व पाने सारख्या प्रमाणात वापरत नाही. नजीकच्या काळात त्याने हाताळलेली मोजकी पाने म्हणजे त्याचा वर्किंग सेट. तेवढी मेमरीत असली की तो सुरळीत चालतो. त्याहून कमी दिली की अडखळतो.

१४/
१९६८ मधील दुसऱ्या निबंधात त्याने थ्रॅशिंगची कारणे उलगडली. पुन्हा त्या टेबलाकडे येऊ. चार रुमालांच्या टेबलावर दोन अभ्यासक, प्रत्येकाला दोन रुमाल लागतात; सुखाने चालते. तिसरा येऊन बसला की प्रत्येक जण दुसऱ्याचा रुमाल उचलून आपला मागवतो. शिपाई धावतो आहे आणि तिघेही वाट पाहत बसले आहेत. आता व्यवस्थापक डोकावतो, तिघे रिकामे बसलेले पाहतो आणि म्हणतो, ‘इथे काम कमी दिसते,’ आणि चौथ्याला आत पाठवतो. ऑपरेटिंग सिस्टिम नेमके हेच करत होती. प्रोसेसर रिकामा दिसला की नवा प्रोग्राम आत!

१५/
डेनिंगचा उपाय त्या काळी उलटा वाटावा असा होता: वेग हवा असेल तर एकाला बाहेर काढा. ज्याचा वर्किंग सेट मावत नाही, त्याला सुरूच करू नका. दोष निवडीच्या पद्धतीत कमी, गर्दीत जास्त होता. पानांच्या निवडीवर एवढी बुद्धी खर्च झाल्यावर उत्तर निघाले दाराशी उभ्या राहणाऱ्या रखवालदाराचे, ही या कहाणीतली सर्वांत देखणी गोष्ट.

१६/
ऑगस्ट १९७२ मध्ये आयबीएमने आपल्या सिस्टिम/३७० मालिकेसाठी व्हर्च्युअल मेमरी जाहीर केली; १९८५ च्या इंटेल ८०३८६ चिपमुळे पानांची ही व्यवस्था घरगुती संगणकात आली. आज विंडोजमधील ‘पेजफाइल’ किंवा लिनक्समधील ‘स्वॅप’ म्हणजे अ‍ॅटलसचा ड्रमच.

१७/
तेव्हा मंदावलेल्या लॅपटॉपची तपासणी डेनिंगच्या क्रमाने करावी. केवळ ९० टक्के मेमरी वापरात असणे हा रोग नव्हे. आधुनिक यंत्रणा मोकळी जागा पुढे लागू शकणाऱ्या गोष्टींनी मुद्दाम भरून ठेवतात. विंडोज व्हिस्टाने २००७ साली असे केले तेव्हा अनेकांनी ते बिघाड समजून तक्रारी केल्या. पाहायचे ते डिस्ककडे. मेमरी भरलेली, डिस्क सतत धावती आणि प्रोसेसर निवांत, अशी तिन्ही लक्षणे एकत्र आली तर ते थ्रॅशिंग.

१८/
मग टास्क मॅनेजरची यादी मेमरीनुसार लावावी आणि सर्वांत वरचा, या क्षणी नको असलेला प्रोग्राम बंद करावा. यंत्र अडले असता उपाय शोधायला आणखी चार टॅब उघडणे म्हणजे त्या व्यवस्थापकाने चौथा अभ्यासक पाठवणे. एखाद्या प्रोग्रामचा आकडा काही न करता तासन्‌तास चढतच असेल तर तो घेतलेली मेमरी परत करत नाही. तो बंद करून पुन्हा सुरू केला की जागा सुटते. संगणक बंद-चालू करण्याच्या तोडग्यामागेही हेच कारण आहे. मात्र रोजच्या, गरजेच्या कामांचा वर्किंग सेटच मावत नसेल तर नवी रॅम घेण्याला पर्याय नाही.

१९/
पर्याय आहे असे सांगणारे मात्र होते. १९९५ मध्ये रॅम महाग असताना ‘सॉफ्टरॅम ९५’ नावाचा प्रोग्राम मेमरी दुप्पट करण्याचे आश्वासन देत बाजारात आला आणि त्याच्या लाखो प्रती खपल्या. तज्ज्ञांनी तो उलगडून पाहिला तर विंडोज ९५ मध्ये तो मेमरी वाढवतच नव्हता. १९९६ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीवर कारवाई केली.

२०/
मधल्या काळात एक गंमत झाली. हार्ड डिस्क आणि रॅम यांच्या वेगातली दरी वाढत लाखपटीच्या घरात गेली होती. एसएसडीने ती हजारपटीच्या आसपास आणली. म्हणजे आजचा लॅपटॉप या बाबतीत अ‍ॅटलसच्याच पंगतीला परतला आहे. मोबाइलच्या जाहिरातीत ‘८ + ८ जीबी रॅम’ असे छापलेले असते. त्यातले दुसरे आठ रॅम नसून साठवणुकीतून उसनी घेतलेली जागा असते. मँचेस्टरच्या अभियंत्यांनी ते पाहताच ओळखले असते.