संमोहन शिकण्याआधी : एक प्रस्तावना

संमोहन शिकायचं म्हटलं की हल्ली पहिला प्रश्न हाच येतो : ऑनलाइन करू की वर्गात जाऊ? पुण्यात बसून कुणी असं विचारलं तर तो आवडीनिवडीचा मामला असतो. मंठाळहून विचारलं तर तो वेगळा होतो. बसवकल्याण तालुक्यातलं, बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांच्या शिवेलगतचं हे गाव. घरात मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात दख्खनी. संमोहनाचे वर्ग भरतात ते मुंबई-पुण्यात, हैदराबादेत, बेंगळुरूत. आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंना तेवढ्यासाठी रजा मिळवायची, भाडं भरायचं, परगावी राहायचं आणि वर घरच्यांची समजूत काढायची, एवढं सगळं आलं. मानसशास्त्र शिकणाऱ्या मुलीला तर शेवटची अडचण सगळ्यात मोठी. मोबाइलवरचा अभ्यासक्रम मात्र रात्री जेवणं आटोपल्यावर उघडता येतो. तेव्हा ‘वर्गच खरा, बाकी सगळं थोतांड’ असा शेरा मारून मी मोकळा होणार नाही. पडदा एक शिकवतो, वर्ग दुसरं शिकवतो. कुठल्याकडून काय घ्यायचं हे आधी ठरवलं की पैसे आणि वेळ दोन्ही वाचतात.

या विद्येचा इतिहासही असाच दोन्हीकडून आलेला आहे. त्यातलं एक मोठं नाव आपल्या शेजारचं. गोव्यातल्या कांदोळीत १७५६ साली जन्मलेले आबे फारिया लहानपणी वडिलांबरोबर लिस्बनला गेले, रोममध्ये धर्मशास्त्र शिकले आणि १८१३ पासून पॅरिसमध्ये लोकांसमोर प्रयोग करू लागले. तेव्हा युरोपात मेस्मर नावाच्या डॉक्टरच्या चुंबकीय प्रवाहाचा बोलबाला होता. १७८४ साली फ्रेंच राजानं नेमलेल्या समितीनं, जिच्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि लाव्हाझिए होते, असा काही प्रवाह नाहीच असा निर्वाळा दिला होता. तरी प्रयोग करणाऱ्याच्या हातातून काहीतरी वाहतं ही समजूत गेली नव्हती. फारियांनी सांगितलं की हातात काही नसतं. जे घडतं ते झोपणाऱ्याच्या मनात, त्याच्या एकाग्रतेतून घडतं. ते माणसाला आरामात बसवत, डोळे मिटायला सांगत आणि ठाम आवाजात झोपण्याची आज्ञा देत. १८१६ मध्ये त्यांची टर उडवणारं नाटक पॅरिसच्या रंगभूमीवर आलं, त्यांची नाचक्की झाली. १८१९ साली त्यांचं पुस्तक निघालं आणि त्याच वर्षी ते वारले.

पणजीला मांडवीच्या काठी, जुन्या सचिवालयाजवळ त्यांचा पुतळा आहे, रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला. कोसळत्या स्त्रीवर दोन्ही हात रोखून उभे असलेले फारिया. शिल्प म्हणून जबरदस्त, पण विचाराच्या बाबतीत नेमकं उलटं : पाहणारा घरी जातो तो ‘ताकद त्या हातांत आहे’ असं समजून. जे खोडून काढण्यात फारियांची हयात गेली तेच त्यांच्या स्मारकानं ब्राँझमध्ये ओतलं. संमोहन शिकायला येणाऱ्या बहुतेकांच्या डोक्यात हाच पुतळा असतो, म्हणून त्याचा उल्लेख आधी केला.

दुसरी गोष्ट बंगालमधली. ४ एप्रिल १८४५ रोजी हुगळीला जेम्स एस्डेल नावाच्या स्कॉटिश सर्जनसमोर अंडवृद्धीवर उपचार घेणारा एक कैदी वेदनेनं तळमळत होता. एस्डेलनं मेस्मरचा प्रयोग करून पाहायचं ठरवलं. त्यानं तो आयुष्यात कधी प्रत्यक्ष पाहिलेला नव्हता, नुसता वाचला होता. म्हणजे आजच्या भाषेत घरबसल्या शिकलेला. प्रयोग साधला आणि पुढं त्यानं त्या अवस्थेत मोठमोठ्या गाठी काढल्या. पण रोग्यावरून तासन्‌तास हात फिरवण्याचं काम त्याला एकट्याला झेपेना. मग त्यानं इस्पितळातल्या हिंदू-मुसलमान मदतनीस पोरांना तयार केलं, तेही रोग्याच्या खाटेशेजारी उभं करून. स्वतः कागदावरून शिकला, पण दुसऱ्यांना शिकवायची वेळ आली तेव्हा माणसासमोर उभं केलं. १८४६ च्या अखेरीस कलकत्त्यात त्याच्यासाठी स्वतंत्र इस्पितळ निघालं. त्याच सुमारास बोस्टनमध्ये ईथर वापरून शस्त्रक्रिया झाली, वर्षभरात क्लोरोफॉर्म आलं, आणि दोन मिनिटांत होणाऱ्या कामासाठी दोन तास हात फिरवायला कुणी तयार राहिलं नाही.

मग आज हे शिकायचं कशासाठी? दुखणं आणि भीती सुसह्य करण्यासाठी, दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत बसलेल्या मुलाला सावरण्यासाठी, काही जुनाट तक्रारींत औषधाच्या जोडीला. मँचेस्टरच्या पीटर व्होरवेल यांनी १९८४ मध्ये आतड्याच्या हट्टी विकारानं, म्हणजे आयबीएसनं, जेरीस आलेल्या तीस रोग्यांवरचा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये छापला आणि या उपचाराला वैद्यकात पुन्हा बैठक मिळाली. विशेष म्हणजे त्यांच्याच गटानं पुढं स्काईपवरून तेच संमोहन देऊन पाहिलं. बऱ्याच जणांना गुण आला, समोरासमोरच्यापेक्षा थोड्या कमी जणांना. म्हणजे पडद्यातून काही पोचतच नाही हे म्हणणं टिकत नाही. फक्त एवढं ध्यानात ठेवावं की स्काईपवर बोलणारा माणूस वर्षानुवर्षं रोग्यांसमोर बसून मुरलेला होता.

सगळेच सारखे संमोहित होतात असंही नाही. १९५९ मध्ये स्टॅनफर्डला वाइट्झेनहॉफर आणि हिलगार्ड यांनी संमोहनक्षमता मोजायची पट्टी तयार केली : बारा छोट्या सूचना, किती लागू पडल्या ते मोजायचं. साधारण दहा-पंधरा टक्के माणसं जवळजवळ सगळ्या सूचनांना उत्तर देतात, तितकीच जवळजवळ कशालाच देत नाहीत, उरलेली मधली. ‘कोणालाही तीस सेकंदांत’ अशी जाहिरात दिसली तर हा आकडा आठवावा आणि पान उलटावं.

आता पडद्याची जमेची बाजू. इतिहास, सिद्धान्त, सूचनेची वाक्यरचना, कोणाला संमोहन देऊ नये याची जाण, हे सगळं ऑनलाइन उत्तम शिकता येतं. काही बाबतीत वर्गापेक्षा बरं. एखाद्या जाणकाराचं चित्रित प्रात्यक्षिक थांबवून, मागं नेऊन दहा वेळा पाहता येतं. पापणी कधी फडफडली, श्वास कुठं संथ झाला, आवंढा कधी गिळला, हे वर्गात एकदाच दिसतं, आणि मागच्या बाकावरून तेही दिसत नाही.

पण पडद्यावर चेहरा दिसतो, माणूस दिसत नाही. पोटाची हालचाल, मांडीवरची बोटं, खुर्चीखाली वळलेले पाय चौकटीबाहेर राहतात. आणि आपल्याकडं वीज आहे, नेटवर्क आहे. म्हणजे कधीकधी नाही. डोळे मिटून बसलेल्या माणसाच्या कानातला आवाज मध्येच तुटला तर त्यानं काय करायचं? जाणते लोक हे आधीच बोलून घेतात : आवाज थांबला तर पाचपर्यंत मोजून डोळे उघडा, फोन नंबर हाताशी ठेवा, घरात कुणीतरी मोठं माणूस असू द्या. जो अभ्यासक्रम हे पहिल्याच आठवड्यात शिकवत नाही त्याची फी कितीही कमी असली तरी तो महागच.

वर्गात जायचं ते तीन गोष्टींसाठी. एक, स्वतः संमोहित होऊन पाहायला. हात आपोआप जड होतो म्हणजे काय, हे ऐकून कळत नाही. दुसरी, फसायला. तुम्ही सूचना देता, समोरचा सहाध्यायी हसू दाबत बसतो, आणि शिक्षक मागून येऊन सांगतात की तुम्ही त्याच्या श्वासाआधीच बोलत होता. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. विसावण्याच्या साध्या सूचनेवर एखादी बाई अचानक हमसून रडू लागते. तेव्हा घाबरायचं नाही, खोदूनही विचारायचं नाही, आवाज तोच ठेवून तिला हळूहळू खोलीत परत आणायचं. हे करणारं माणूस एकदा तरी जवळून पाहिल्याशिवाय दुसऱ्याला डोळे मिटायला सांगू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मात्र वर्ग म्हणजे नुसतं छप्पर नव्हे. मंगल कार्यालयात दोनशे खुर्च्या, मोठा स्पीकर, दोन दिवस भाषण आणि शेवटी फोटोसह प्रमाणपत्र, याला मी वर्ग म्हणत नाही. तो चहा-नाश्त्यासह मिळणारा व्हिडिओ. विचारायचं ते इतकंच : तुमच्यापैकी कोणी मला काम करताना पाहणार आहे का, आणि किती तास? अमेरिकेतली क्लिनिकल हिप्नोसिसची संस्था प्रमाणपत्रासाठी ४० तासांच्या कार्यशाळांबरोबर २० तासांचं व्यक्तिगत मार्गदर्शन मागते, तेही आधीच वैद्यक किंवा मानसोपचाराचा परवाना असलेल्यांकडून.

पुढची अडचण भाषेची आहे आणि ती ऑनलाइन-वर्ग दोन्हीकडं सारखी. छापील सूचनांमध्ये माणूस समुद्रकिनारी पहुडलेला असतो, नाहीतर लिफ्टनं एकेक मजला खाली उतरत असतो. मंठाळच्या शेतकरी बाईनं समुद्र पाहिलेला नसतो आणि लिफ्टची तिला भीतीच वाटते. तिला विसावा कुठं मिळतो ते तिलाच विचारा. खुडणी संपल्यावर तुरीच्या रानातल्या बांधावर, लिंबाखाली, पदरानं घाम पुसताना लागलेला वारा असं काहीतरी ती सांगेल. सूचना तिथून सुरू होते. आणि ती कन्नडमधून बोलली तर कन्नडमधून. सीमाभागातल्या विद्यार्थ्याला तीन भाषा कानावरून येतात. शहरातल्या प्रशिक्षकाकडं हे भांडवल नसतं.

याच मुलखात गाणगापूर आहे. कलबुर्गी जिल्ह्यातल्या भीमा-अमरजा संगमावरचं हे दत्तक्षेत्र महाराष्ट्रातल्या घराघरांत माहीत आहे. आरतीचा नगारा वाजू लागला की बाधा झालेली म्हणून आणलेली माणसं घुमू लागतात. केस सुटतात, कुणी खांबाला लटकतं, कुणी परक्या आवाजात बोलतं. संमोहनाचा विद्यार्थी ते पाहायला गेला तर त्यानं दोन चुका टाळाव्यात. ‘हे संमोहनच’ म्हणून निकाली काढू नये आणि ‘हे ढोंग’ म्हणून हसूही नये. ठरलेली वेळ, ठरलेला नाद, आजूबाजूच्या शेकडो लोकांची अपेक्षा आणि घरात कधी न मिळालेली ओरडण्याची मुभा, एवढं सगळं तिथं एकत्र येतं. नीट पाहाल तर आणखी एक दिसेल : आरती संपते, तीर्थ-अंगारा होतो आणि बरीच माणसं शांत होऊन पदर सावरतात. शेवट कसा करायचा हे त्या परंपरेला पक्कं ठाऊक आहे. नवशिक्या संमोहनकाराला नेमकं तेच ठाऊक नसतं. तो आत नेण्याच्या युक्त्या दहा शिकतो आणि बाहेर आणायची एकही नाही.

त्याच वेळी हेही सांगायला हवं की त्या गर्दीत तीव्र मानसिक आजाराची, अपस्माराची माणसंही असतात आणि त्यांना डॉक्टरची गरज असते. भ्रम होणारा, नसलेले आवाज ऐकणारा माणूस संमोहनासाठी आलाच तर त्याला आधी जिल्हा रुग्णालयाची वाट दाखवावी; फोनवरून विचारायचं तर ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक आहे. बाधा काढण्याच्या नावाखाली मारहाण करणं हा दोन्हीकडं गुन्हा आहे : महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं आणि कर्नाटकात २०१७ च्या. संमोहनोपचाराला केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयानं २००३ मध्ये उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली ती योग्य प्रशिक्षण घेतलेल्यांनीच करावी या अटीवर. आठवड्याभराच्या ऑनलाइन प्रमाणपत्रावर दारात ‘हिप्नोथेरपिस्ट’ची पाटी लावणं त्या अटीत बसवायला बरीच ओढाताण करावी लागेल. पूर्वजन्मात नेऊन आणण्याचे अभ्यासक्रम तर सोडूनच द्या. संमोहनात आठवणी अचूक होत नाहीत, त्यांच्याबद्दलची खात्री तेवढी वाढते. २००९ मध्ये एका वाहिनीवर पूर्वजन्माचा कार्यक्रम चालला होता, तेव्हापासून या धंद्याला बरकत आहे.

मग मंठाळच्या माणसानं करावं काय? सहा महिने वाचन आणि पडदा. या काळात कोणावरही प्रयोग नाही. फक्त स्वसंमोहन. मग पैसे साठवून, एखादी मैत्रीण किंवा सहकारी सोबत घेऊन, एकच चांगला वर्ग, ज्यात वीसपेक्षा जास्त माणसं नाहीत. परतल्यावर त्याच शिक्षकांकडं दर महिन्याला ऑनलाइन, आपल्या कामाची चर्चा करायला. या क्रमात पडदा दोनदा येतो आणि वर्ग एकदा. पण तो एकदा चुकवता येत नाही. आणि जो डॉक्टर, नर्स, समुपदेशक यांपैकी कुणी नाही त्यानं स्वसंमोहनापाशी थांबावं. तेही थोडं नाही.

पुढच्या प्रकरणाआधी एक गृहपाठ. स्टॅनफर्डच्या पट्टीत एक सूचना अशी आहे : हात समोर ताठ धरायचा, मुठीत जड वस्तू आहे अशी कल्पना करायची आणि हात हळूहळू खाली येतो का ते पाहायचं. ही सूचना आपल्या घरच्या बोलीत, दहा-बारा वाक्यांत लिहून काढा. वस्तू कोणती ते तुम्ही ठरवा. पाण्यानं भरत जाणारी कळशी चालेल, धान्याची पिशवी चालेल. लिहिलेलं फोनवर सावकाश बोलून रेकॉर्ड करा. शेवटची दोन वाक्यं कळशी खाली ठेवण्याची आणि हात पुन्हा नेहमीसारखा हलका होण्याची असलीच पाहिजेत. मग खुर्चीत बसून स्वतः ऐका, आणि कुठल्या वाक्याला घाई झाली तिथं पेन्सिलीनं खूण करा.