ती राजा

प्राचीन इजिप्त म्हटले की पिरॅमिड आणि तूतनखामेनचा सोन्याचा मुखवटा डोळ्यांपुढे येतो. या पुस्तकाची वाट थोडी निराळी आहे. नाईलच्या पश्चिम तीरावर, देर अल-बहरीच्या उभ्या कड्याला पाठ लावून एक मंदिर उभे आहे. वाचकांनी सुरुवात तिथून करावी.

मंदिर बांधणारी हत्शेप्सुत ही पहिल्या थुतमोसची मुलगी आणि दुसऱ्या थुतमोसची राणी. पतीच्या निधनानंतर लहानग्या सावत्र मुलाच्या, म्हणजे तिसऱ्या थुतमोसच्या, नावे ती कारभार पाहू लागली. काही वर्षांतच तिने फारोची पदवीही घेतली. हा काळ साधारण इ.स.पू. १४७९ ते १४५८ असा मानतात. १८२९मध्ये इजिप्तची चित्रलिपी उलगडणारा फ्रेंच अभ्यासक शांपोल्याँ इथे आला तेव्हा तो चक्रावला. भिंतीवर दाढीधारी राजा होता, पण सोबतच्या लेखातली नामे आणि क्रियापदे स्त्रीलिंगी! मराठी वाचकाला हा पेच लगेच कळेल. ‘राजा आली’ असे वाचल्यावर आपणही असेच थबकू.

मंदिरात गेलात की घाई करू नका. मधल्या गच्चीवरच्या दक्षिणेकडील ओवरीत पुंत देशाच्या सफरीची शिल्पे आहेत. खांबांवर उभारलेली घरे, तिथल्या सरदाराची स्थूल पत्नी, मुळांसकट टोपल्यांतून गलबतांवर चढवलेली सुगंधी डिंकाची झाडे, असा तो सारा देखावा. गलबतांखालच्या पाण्यात तर मासे इतके नेमके कोरले आहेत की त्यांच्या जाती ओळखता येतात. माझ्या मते राजवैभवापेक्षा ही नजरच या कलेची खरी श्रीमंती आहे.

कर्नाकला तिचा लाल ग्रॅनाइटचा एकसंध स्तंभ आजही उभा आहे, सुमारे ३० मीटर उंच. तो आणि त्याचा जोडीदार खाणीतून काढायला सात महिने लागले, असे तिनेच त्यावर कोरून ठेवले आहे.

तिच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी, तिसऱ्या थुतमोसच्या राजवटीच्या अखेरीस, तिची नावे आणि आकृत्या छिन्नीने खरवडल्या गेल्या. पूर्वी याला सावत्र मुलाचा सूड म्हणत. पण सूड घेणारा इतकी वर्षे कशाला थांबेल? वारसाहक्काचा प्रश्न, राजपरंपरेची चौकट अशी कारणे आज अभ्यासक तपासतात, आणि ती पुढील प्रकरणांत सविस्तर येतील. मंदिरालगतच्या खड्ड्यांत फेकलेल्या तिच्या मूर्तींचे तुकडे १९२०च्या दशकात न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या उत्खननात सापडले आणि चिकाटीने जुळवले गेले.

नवख्या वाचकाने खरवडलेल्या भिंतीकडेही पाठ फिरवू नये. कर्नाकच्या एका दालनात होरस आणि थोथ हे देव तिच्यावर पवित्र पाणी ओतताना कोरले आहेत. देवांना कुणी हात लावलेला नाही. मधली आकृती मात्र खोदून काढली आहे. पण छिन्नी कडेकडेने इतकी जपून फिरली आहे की तिथे कोण उभे होते ते आजही दिसते, आणि दोन्ही बाजूंनी पाण्याच्या धारा तिच्यावर पडतच आहेत.